‘एक साईज मोठं घ्या, बाजूनं आत घ्या’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘स्पष्टवक्ता’,

खरं नाव तुम्ही दिलेलं नाही, तेव्हा टोपणनावानंच हाक मारते. ताई म्हणावं की दादा, तेही कळायला मार्ग नाही. भरलेल्या बांध्याच्या ब्लाउज-कुर्त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते इथे थोडक्यात देते, म्हणजे बाकीच्यांना शोधत बसायला नको. तुम्ही म्हणता: “एवढी मापं, एवढे टक्स, कागदाची कापाकापी कशाला? एक साईज मोठं घ्यावं, बाजूनं आत घ्यावं, संपलं. जाड्या बायकांना खोटी आशा लावू नका. काळा रंग घाला म्हणावं. साधा शिंपी यातलं काही करत नाही आणि एवढी शिलाई देणार कोण? शिवाय 80 सेंटिमीटरमध्ये तुमचा तो प्रिन्सेस कट बसतच नाही.”

आधी ‘खोटी आशा’. माझा लेख पुन्हा उघडा आणि ‘बारीक दिसाल’ असं एक तरी वाक्य शोधून दाखवा. नाही सापडणार. मी लिहिलं होतं ते मुंढा (बाही जोडायची काखेची गोलाई), टक्स (छातीला आकार द्यायला शिवलेल्या निमुळत्या घड्या) आणि कुर्त्याच्या बाजूच्या कटाच्या उंचीबद्दल. त्यात आशा कुठून आली? आणि ‘जाड्या बायका’ हा शब्द मोजपट्टीवर कुठे असतो तेही सांगा. माझ्या वहीत आकडे असतात, विशेषणं नसतात. एकोणीस वर्षं मापं घेतेय, तेवढ्यात हे एक पक्कं कळलंय की बाईला असलं काही ऐकवलं की ती पोट आत ओढून उभी राहते, छाती वर काढते आणि सगळं माप चुकतं. तुमचा सूर सौजन्याचा नाही ही माझी तक्रार आहेच, पण त्या सुरानं काम बिघडतं, ही त्याहून मोठी तक्रार.

तुमचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे. 80 सेंटिमीटरचा ब्लाउजपीस 42 इंच छातीला, दहा इंची बाही आणि प्रिन्सेस कट (टक्सऐवजी छातीवरून खाली जाणारी उभी शिवण) घेऊन, पुरत नाही. एक मीटर लागतं. लेखात मी सरसकट 80 लिहिलं, ती चूक माझी. कालच दुरुस्त केली. साडीला जोडून आलेला पीस 80चाच असेल तर बाही आखूड करा, नाहीतर काखेत जोड द्या. खणात तर हा जोड द्यावाच लागतो, कारण त्याचा पन्हाच लहान.

आता ते ‘एक साईज मोठं घ्या’. एका ओळीत उडवलंत, पण निम्म्या कपाटांतले न बसणारे कुर्ते याच ओळीतून आलेत, म्हणून जरा सविस्तर.

टेप छातीभोवती फिरवला, 42 आले. या 42 मध्ये पुढे किती आणि पाठीला किती, हे टेप सांगत नाही. काखेतल्या शिवणीपासून शिवणीपर्यंत पुढचं माप वेगळं घ्या, पाठीचं वेगळं घ्या. एकीचं पुढे 22 आणि मागे 20 भरतं, दुसरीचं पुढे 24 आणि मागे 18. दोघी 42च. शिंपी छातीला चारनं भागतो, साडेदहा-साडेदहाचे चार भाग पाडतो, म्हणजे पुढे 21 आणि मागे 21. पहिलीला थोडीफार ओढाताण करून बसतं. दुसरीला पुढे तीन इंच कमी आणि पाठीला तीन इंच जास्त. आता तुमच्या सल्ल्यानं तिला 44 देऊ. पुढे 22, मागे 22. पुढे अजूनही दोन इंच कमीच, आणि पाठीला चार इंचांचा झोळ! ढिलाई (अंगाच्या मापापेक्षा जास्तीचं ठेवलेलं कापड) मी यात धरलेलीच नाही, ती धरली तरी फरक तोच राहतो. मग तुम्ही म्हणता बाजूनं आत घ्या. बाजूची शिवण आत घेतली की पुढचंही कमी होतं आणि मागचंही. जिथे कापड कमी होतं तिथलंच आणखी कमी केलंत.

हे घरी बघायचं असेल तर आरशासमोर आडवं उभं राहा. काखेखालची शिवण जमिनीकडे सरळ उतरायला हवी. ती छातीकडे झुकलेली दिसली तर पुढे कापड कमी आहे. साईज कितीही मोठी घ्या, शिवण पुढेच पळणार.

दुसरी गोष्ट खांद्याची. तयार कपड्याच्या साच्यात वरची छाती (काखेतून, उभाराच्या वरून घेतलेलं माप) आणि पूर्ण छाती यांत साधारण दोन इंचांचा फरक धरलेला असतो. जिची वरची छाती 38 आणि पूर्ण छाती 42, तिचा फरक चार इंच. तिच्या हाडांचा, म्हणजे खांदा-गळा-मुंढ्याचा साचा 38 अधिक 2, म्हणजे 40चा. तुम्ही तिला 42 सोडून 44 देताय. दोन साईज वर गेलं की खांदा अर्धा ते एक इंच बाहेर सरकतो, गळा रुंद होतो, ब्राचा पट्टा दिसायला लागतो, मुंढा खाली उतरतो. आणि मुंढा खाली गेला की हात मोकळा होतो हा समज उलटा आहे. मुंढा जितका खोल, तितका हात वर केल्यावर अख्खा कुर्ता वर चढतो. बसमधली दांडी धरून बघा.

तेव्हा कटिंग 40चं, आणि कमी पडणारे दोन इंच फक्त पुढच्या भागात. पुढच्या अर्ध्या कागदावर एक इंच येतो. माझ्या ‘कागदाच्या कापाकापी’त एवढंच आहे. कमरेच्या टक्समधून उभी रेघ छातीच्या टोकापर्यंत काढायची, तिथून मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या भागाकडे वळवायची. मुंढ्याशी कागद जरासा धरून ठेवायचा, पूर्ण कापायचा नाही. बाजूच्या शिवणीकडून आणखी एक आडवी रेघ टोकापर्यंत कापायची. मग टोकाशी एक इंच उघडायचं. बाजूला आपोआप एक नवा टक्स तयार होतो, कमरेचा टक्स एका इंचानं मोठा होतो, आणि खालची कड वरखाली झालेली दिसते. मधला तुकडा तेवढा खाली उतरवून कड जुळवून घ्यायची. ही शेवटची पायरी हमखास गाळली जाते, आणि म्हणूनच पुढून ब्लाउज वर चढून पट्टीखाली पोट दिसतं. उभारावरून जाताना कापड रुंदीसारखीच उंचीही खातं.

टक्स दीड-पावणेदोन इंचांपेक्षा मोठा झाला तर एकच ठेवू नका, दोन करा. एकटा मोठा टक्स शंकूसारखा टोकदार दिसतो. टोक छातीच्या टोकाच्या एक ते दीड इंच अलीकडे थांबलं पाहिजे. शेवटी मशीनवर उलटी टीप मारायची नाही. दोरे चार बोटं लांब सोडून हातानं गाठ मारायची, नाहीतर तिथे हमखास चुणी. प्रिन्सेस कटात मधल्या भागाच्या कडेला कच्ची टीप घालून छातीच्या वरखाली दोन-दोन इंचांत बारीक कात्रे द्या आणि बाजूच्या भागाची गोलाई तेवढ्यात सामावून घ्या. ओढून शिवलीत तर शिवण गोळा होणार. आणि खणावर, इरकलीच्या चौकड्यावर प्रिन्सेस कट घेऊ नये, नक्षी मधोमध तुटते; तिथे टक्सच बरे.

माप घेताना जी ब्रा घालून कपडा घालायचा आहे तीच अंगात हवी. वेगळ्या ब्रानं छातीचं टोक इंचभर वरखाली होतं आणि खांद्यापासून टोकापर्यंतचं सगळं गणित फसतं. एवढं लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथवर वाचलंत का, याची शंका आहे.

कुर्त्याच्या खालच्या अंगाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण साईज वाढवण्याचा उपाय तिथे आणखी फसतो म्हणून लिहिते. सीटचं, म्हणजे नितंबांभोवतीचं, माप उभं राहून घेऊन थांबू नका. कडक खुर्चीवर बसून पुन्हा घ्या, एक-दोन इंच वाढलेलं दिसेल. कुर्ता त्या वाढलेल्या मापावर हवा. बाजूचा कट सुरू व्हायची जागा सीटच्या सगळ्यात रुंद ठिकाणी किंवा अर्धा इंच वर. त्याच्या खाली सुरू केलात तर कापड सीटवर अडतं, वर सरकतं आणि कमरेशी आडव्या सुरकुत्या पडतात. त्या बघून दुकानातली मुलगी ‘एक साईज मोठी देऊ का?’ विचारते. अडचण कटाच्या उंचीची आणि कुर्ता मोठा होतो खांद्याला! सीट छातीपेक्षा चार इंच किंवा जास्त असेल तर सरळ कुर्ता सोडा, कळ्यांचा घ्या.

पुढे बटणं असलेला कुर्ता असेल तर पहिलं बटण छातीच्या टोकांच्या रेषेवर ठेवा आणि बाकीची तिथून वरखाली मोजा. गळ्यापासून मोजत आलात तर नेमकी तीच जागा दोन बटणांच्या मधे येते आणि उघडते. मधे एक टिचबटण आतून लावलं तरी चालतं.

काळ्या रंगाबद्दल काय बोलणार. ज्या खांद्याचा झोळ पांढऱ्यात दिसतो तो काळ्यात झाकला जात असेल, तर तुम्ही जरा लांबून बघताय.

राहिला तुमचा शिंपी. तो करत नाही, कारण त्याला कोणी सांगत नाही. पुढचं माप आणि पाठीचं माप वेगळं लिहून कागद हातात द्या. नाहीच केलं तर दुसरा शोधा. शिलाईचं म्हणाल तर न घातलेले तीन कुर्ते किती पैशांचे होते, तेवढं एकदा मोजा. यावर मला वाद घालायचा नाही.

उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, पण या वेळी मतं कमी आणि आकडे जास्त पाठवा: वरची छाती, पूर्ण छाती, पुढचा भाग, पाठ, खांद्यापासून टोकापर्यंत, आणि बसून घेतलेली सीट. तेवढे आले की कागदावर कुठे कापायचं ते मी सांगते.