मोठ्या कुत्र्याला घर द्यायचे असेल, तर अटी आधी लिहा

गोव्यात सुट्टीसाठी घर शोधणाऱ्या कुटुंबाबरोबर तीस-पस्तीस किलोचा कुत्रा असेल, तर त्या कुटुंबाला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: घर पेट फ्रेंडली आहे, पण कुत्रा लहान हवा. ही अट जाहिरातीत क्वचितच लिहिलेली असते. ती फोनवर कळते, आणि पुष्कळदा आगाऊ रक्कम भरून झाल्यावर कळते. माझा धाकटा भाऊ पुण्यात राहतो आणि त्याच्या घरी एक लॅब्रेडॉर आहे. डिचोलीचे आमचे वडिलोपार्जित घर वाटणीनंतर कोणाचेच राहते घर उरलेले नाही, त्यामुळे नाताळच्या सुमारास सगळ्या भावंडांनी एकत्र यायचे ठरले की शिवोली, साळगाव, हळदोणे किंवा मोरजीच्या बाजूला भाड्याचे घर बघावे लागते. मी जर्मनीत हॅनोव्हरला राहते आणि घर शोधण्याचे काम इथून करते. हे काम करताना गोव्यातली चर्चा आणि इथली रीत शेजारी-शेजारी ठेवून पाहिली जाते, आणि त्यातून माझे एक ठाम मत बनले आहे: घरमालकाने नकार देण्यात काहीच गैर नाही, पण वजनाच्या आकड्यावरून दिलेला आणि ऐनवेळी सांगितलेला नकार कोणाच्याच हिताचा नाही.

भारतात सध्या कुत्र्यांविषयी जे काही बोलले जाते, ते मुख्यतः भटक्या कुत्र्यांविषयी असते. 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातले सर्व भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आणि रेबीज झालेले किंवा आक्रमक कुत्रे वगळता इतरांना नसबंदी व लसीकरणानंतर त्यांच्याच भागात परत सोडावे, असे सांगितले. या दोन आदेशांच्या मध्ये घराघरांत जी भांडणे झाली, ती मी फोनवरून ऐकत होते. सगळे कुत्रे हटवा म्हणणारे आणि एकालाही हात लावू नका म्हणणारे असे दोनच पक्ष उरले, आणि स्वतःच्या कुत्र्याची नीट काळजी घेणाऱ्या, त्याला पट्टा लावून फिरवणाऱ्या माणसाबद्दल कोणीही बोलेना. पर्यटकांना घर देणारा माणूसही हीच भांडणे ऐकत असतो. त्याच्या मनात बसलेली भीती घराच्या फाटकाशी उभ्या असलेल्या लॅब्रेडॉरवर निघते.

गोव्यात या भीतीला एक खरे आणि दुःखद कारणही आहे. ऑगस्ट 2024 मध्ये हणजुणे येथे पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्यानंतर सरकारने पिटबुल आणि रॉटवायलर या जातींवर बंदी आणण्याचे ठरवले, आणि 2025 मध्ये विधानसभेने प्राण्यांची पैदास, पालन आणि नुकसानभरपाई यांसंबंधीचे विधेयक संमत केले. आपले मूल गमावलेल्या घराला कायद्याची ही भाषा अपुरीच वाटणार. परंतु अशा घटनेनंतर समाज काय शिकतो, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे एक उत्तर मी जिथे राहते तिथे पाहता येते.

जून 2000 मध्ये हॅम्बुर्गला सहा वर्षांच्या एका मुलाला दोन कुत्र्यांनी ठार केले. देश हादरला, आणि एप्रिल 2001 मध्ये जर्मनीने पिटबुलसह चार जातींच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा केला. बहुतेक राज्यांनी धोकादायक जातींच्या याद्या केल्या. मी राहते त्या लोअर सॅक्सनी राज्याने मात्र पुढे वेगळी वाट धरली. इथे जातींची यादी नाही. एखादा विशिष्ट कुत्रा धोकादायक ठरला, तर त्याच्यावर आणि त्याच्या मालकावर बंधने येतात. त्याच्या जोडीला जबाबदारीची एक चौकट सर्वांना सारखीच लागू आहे. सहा महिन्यांवरील प्रत्येक कुत्र्याला चिप लागते, आणि त्याच्यामुळे इतरांना होणाऱ्या नुकसानीचा विमा लागतो, ज्यात माणसाला इजा झाल्यास किमान 5 लाख युरो आणि वस्तूंच्या नुकसानीसाठी किमान अडीच लाख युरो इतके संरक्षण असावे लागते. नव्याने कुत्रा पाळणाऱ्याला 2013 पासून लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षाही द्यावी लागते. ही परीक्षा कुत्र्यापेक्षा माणसाचीच अधिक असते.

सुट्टीच्या घरांच्या बाजारावर या चौकटीचा जो परिणाम होतो, तो गोव्यातल्या घरमालकांनी पाहण्यासारखा आहे. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर सुट्टीचे घर घेताना मला माझ्या कुत्र्याचे वजन विचारले जात नाही. विम्याचा कागद आहे का, हे विचारले जाते. जाहिरातीत आधीच लिहिलेले असते की किती कुत्रे चालतील, प्रत्येकामागे रात्रीला किती जादा पैसे पडतील, कुंपण किती उंचीचे आहे, कुत्र्याला पलंगावर किंवा सोफ्यावर चढू देऊ नये, त्याला घरात एकटे सोडू नये, आणि शेवटच्या सफाईसाठी वेगळी रक्कम घेतली जाईल. ज्याला कुत्रा अजिबात नको असतो, तो तेही स्पष्ट लिहितो आणि त्याबद्दल कोणी त्याच्याशी वाद घालत नाही. कायमच्या भाड्याच्या घरांबाबत जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले आहे की छापील करारातली कुत्र्या-मांजरांवरची सरसकट बंदी वैध नाही आणि प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंच्या हिताचा विचार करावा लागेल. तो निर्णय सुट्टीच्या घरांसाठी नव्हता, पण आधी विचारा, मग ठरवा, ही वृत्ती मात्र सगळीकडे दिसते.

म्हणून इथे सारे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. कुत्रा पाळण्यासाठी दरवर्षी नगरपालिकेला कर द्यावा लागतो. रेल्वेत पिंजऱ्यात न मावणाऱ्या कुत्र्याचे तिकीट काढावे लागते, आणि त्याला पट्टा व मुस्के बांधणे बंधनकारक असते. उन्हाळ्यात आंघोळीच्या किनाऱ्यांवर कुत्र्यांना मज्जाव असतो आणि त्यांच्यासाठी राखलेला वाळूचा तुकडा पुष्कळदा गावाच्या टोकाला असतो. शेजाऱ्याने कुत्र्याला प्रेमाने भाकरीचा तुकडा टाकणे, अनोळखी म्हातारीने त्याच्याशी दोन शब्द बोलणे, हे गोव्यातल्या कोणत्याही वाड्यावर सहज घडते. इथे ते दुर्मीळ आहे.

माझा स्वतःचा कुत्रा मी गोव्याला का आणत नाही, असे नातेवाईक विचारतात, तेव्हा त्याचे कारणही कागदांतच सापडते. भारतात पाळीव प्राणी आणण्याचे नियम मुख्यतः कायमचे परत येणाऱ्यांसाठी आहेत, चार आठवड्यांच्या सुट्टीसाठी नाहीत. परतताना युरोपीय संघात प्रवेशासाठी रक्तातील रेबीजविरोधी प्रतिपिंडांची चाचणी लागते, आणि ती निघण्यापूर्वी इथेच करून नोंदवलेली नसेल तर नमुना दिल्यानंतर तीन महिने थांबावे लागते. मिशन रेबीज या संस्थेच्या मदतीने गोव्यात 2014 पासून घरोघरी आणि रस्त्यारस्त्यांवर कुत्र्यांचे जे लसीकरण झाले आणि ज्याच्या बळावर 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित घोषित झाले, ते काम जगात वाखाणले गेले आहे. पण युरोपचा नियम देश मोजतो, राज्य मोजत नाही. गोव्याबाहेरच्या पाहुण्यांनाही या कामाची फारशी कल्पना नसते, याचे मला वाईट वाटते.

आता गोव्यातल्या घरमालकाची बाजू. ती मी त्यांच्याशी सविस्तर बोलूनच समजून घेतली आहे, आणि तिच्यातले बरेच काही मला पटते. आपल्याकडच्या कित्येक घरांत देवघर राहत्या भागातच असते, कुत्रा अंगणात राहतो आणि उंबऱ्याच्या आत येत नाही. भाड्याने दिलेल्या घरातही मालकाचे देव असतील तर ही अपेक्षा रास्त आहे, फक्त ती आधी सांगायला हवी. जुन्या घरांच्या रंगीत ऑक्साइडच्या जमिनींवर नखांचे ओरखडे उठतात आणि ती जमीन पुन्हा करणारा कारागीर सहज मिळत नाही. परसात कठडा नसलेली विहीर असते. घराभोवतीचा चिऱ्यांचा गडगा कमरेइतकाच असतो, त्यावरून मोठा कुत्रा एका उडीत पलीकडे जातो, आणि पलीकडे त्या वाड्यावरचे कुत्रे असतात, जे आपल्या हद्दीत आलेल्या परक्या कुत्र्याला सोडत नाहीत. जर्मन घरमालकाला ही अडचण माहीतच नाही, कारण जर्मनीत रस्त्यावर बेवारस कुत्रा दिसत नाही; म्हणून जर्मनीतली पद्धत जशीच्या तशी उचलून गोव्यात चालणार नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घर झाडायला येणारी बाई आणि केअरटेकर यांनाच त्या कुत्र्याशी रोज गाठ पडते. मालक पणजीत किंवा मुंबईत असतो. त्या बाईला कुत्र्याची भीती वाटत असेल, तर तिने भीत-भीत काम करावे अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार पाहुण्याला नाही.

या कारणांपैकी एकाचेही उत्तर वजनाच्या अटीत मिळत नाही. देवघराचा प्रश्न चार किलोच्या पॉमेरेनियनच्या बाबतीतही तोच राहतो. रात्रभर भुंकून शेजाऱ्यांची झोप मोडणारे कुत्रे अनेकदा लहानच असतात, आणि सवय नसलेला लहान कुत्रा गादीही ओली करतो. उलट, नीट शिकवलेला प्रौढ लॅब्रेडॉर किंवा आपल्या मातीतल्या कारवान जातीचा कुत्रा दुपारभर थंड जमिनीवर पडून राहतो. उंच गडगा, आतून लागणारे फाटक आणि सावलीतली जागा असेल, तर मोठा कुत्रा चांगला राहील, आणि नसेल तर राहणार नाही. म्हणजे मालकाने कुत्र्याला काट्यावर चढवण्यापेक्षा आपल्या घराचे वर्णन नीट लिहिले, तर कुत्र्यासह येणारे कुटुंब स्वतःच ठरवू शकेल.

सोसायटीतल्या फ्लॅटांचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही रहिवाशाच्या पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पण त्या सूचना रहिवाशाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने त्यांच्या आधारे फाटकावर सुरक्षारक्षकाशी वाद घालून काही साधत नाही. फ्लॅटमालक होकार देतो आणि सोसायटी अडवते, तेव्हा सामान, मुले आणि कुत्रा घेऊन रात्री रस्त्यावर उभे राहण्याची वेळ पाहुण्यावर येते. असे झाले तर पूर्ण पैसे परत मिळाले पाहिजेत, यात मला दुमत दिसत नाही.

कुत्रा घेऊन येणाऱ्यांनाही काही सांगणे आवश्यक आहे, आणि ते मी अधिक आग्रहाने सांगेन, कारण आपल्या वागण्यामुळेच पुढच्या कुटुंबाला नकार मिळतो. मुंबईहून कोकणकन्या एक्स्प्रेसच्या प्रथम श्रेणी वातानुकूलित डब्यात पूर्ण कूपे, म्हणजे दोन जणांचा बंद कप्पा, मिळाला तर कुत्रा बरोबर आणता येतो, पण तो कूपे मिळेल की नाही हे चार्ट लागेपर्यंत नक्की नसते; म्हणून बरेच जण स्वतःच्या मोटारीने येतात, दमलेल्या कुत्र्याला घरात बंद करून थेट समुद्रावर जातात, आणि तो दोन तास रडत राहतो. लसीकरणाची वही बरोबर नसते. किनाऱ्यावर पट्टा सोडला जातो. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, आणि वाळू उकरणाऱ्या कुत्र्यांपासून त्या घरट्यांना धोका असतो. वनखाते आणि गावातली माणसे रात्र-रात्र त्यांची राखण करतात. लोअर सॅक्सनीत 1 एप्रिल ते 15 जुलै या काळात, पक्ष्यांच्या आणि वन्यप्राण्यांच्या विणीच्या हंगामात, मोकळ्या रानातही कुत्र्याला पट्टा बांधणे सक्तीचे आहे. तो नियम पाळताना मला कधी जाच वाटला नाही, आणि मोरजीला येणाऱ्या पाहुण्याला तो का वाटावा, हे मला समजत नाही. निष्काळजीपणामुळे कुत्र्याने कोणाला इजा केली, तर भारतीय न्याय संहितेच्या 291व्या कलमाखाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. इतरांच्या नुकसानीची भरपाई देणारा कुत्र्याचा विमा आता भारतातही काही कंपन्या देतात. भावाने तो माझ्या आग्रहावरून घेतला, आणि एका घरमालकाने केवळ तो कागद पाहून होकार दिला.

गोव्यात पर्यटकांना घर देणाऱ्या प्रत्येकाने 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी करणे अपेक्षित आहे. त्या नोंदणीच्या अर्जातच कुत्र्यांसाठी एक रकाना ठेवता येईल: चालतील की नाही, घरात की फक्त आवारात, कुंपणाची उंची, विहीर झाकलेली आहे का, अनामत किती, सोसायटीची लेखी संमती आहे का. पर्यटन खात्याला यासाठी नवा कायदा लागणार नाही, आणि घरमालकाला दिवसातून दहा फोनांवर तेच उत्तर द्यावे लागणार नाही. हळदोण्यातल्या एका घरमालकीण बाईंनी हे स्वतःहूनच केले आहे. त्यांच्या यादीत झाडायला येणाऱ्या बाईची वेळही दिलेली आहे, सकाळी नऊ ते साडेदहा, आणि त्या वेळात कुत्र्याला मागच्या पडवीत बांधून ठेवावे, असे त्यांनी लिहिले आहे. येत्या डिसेंबरसाठी आम्ही तेच घर घेतले आहे.