शंभर रुपयात शर्टपँट शिवून देणार कोण?

2024 ची गोष्ट, चतुर्थी होऊन गेलेली. कणकवलीच्या एसटीत काकी भेटली, मांडीवर ही भलीमोठी पिशवी आणि आत शाळेचे शर्ट. काजं करून घ्यायला बाजारात निघालेली, कारण त्यांच्या बचत गटाकडे शिलाई मशिनी तीन, पण काजाची एकपण नाही. अर्धं तिकीट आहे म्हणून निदान फेरी तरी परवडते म्हणाली.

त्या वर्षी ‘एक राज्य एक गणवेश’ होतं आठवतंय ना? कापड सरकार एकदम घेणार, एक गणवेश शिवून येणार, आणि दुसरा स्काऊट-गाईडचा, त्याचं कापड शाळेला देणार आणि शिलाईचं शाळा समितीने बघायचं. काकीच्या पिशवीतले शर्ट ते हेच. त्या शिलाईचा रेट वरूनच ठरलेला, जोडीला 100 रुपये, आणि किरकोळ खर्चाला 10. आमच्या तिठ्यावरचा टेलर नुसत्या शर्टाला दोनशेच्या खाली हात लावत नाही हो!

मी तिथेच एसटीत हिशोब काढला. दोरा, बटणं, काजं, ओव्हरलॉक, लाईट आणि ही फेरी धरून एकशेदहातले तीसएक रुपये जातात, राहिले ऐंशी. एका जोडीला सरळ तीन तास, त्यात लाईट गेली की पायाने मारायचं. काकी म्हणाली, "काजां-बटणां कोण मोजता रे? साहेबाक सांग, एक तरी शर्ट शिवून बघ म्हणान."

आता माझं म्हणणं. सरकारी खरेदी स्वस्तात झाली असं आपण म्हणतो तेव्हा उरलेले पैसे कुणीतरी भरलेले असतात, फक्त ते बिलावर दिसत नाही. इथे ते काकीने भरले. आणि खाजगी मालकाने असं केलं तर आपण त्याला शिव्या घालतो, पण हापिसाने केलं की त्याला काटकसर म्हणतो, हे मला पटत नाही, कारण रेट आणि अटी लिहिणारा इथे तोच आहे.

एक ओळखीचे साहेब आहेत, चांगला माणूस, ते म्हणाले अरे एल-वन, म्हणजे टेंडरमध्ये सगळ्यात कमी भाव भरणारा, तो सोडून दुसऱ्याला काम दिलं तर ऑडिट पॅरा, म्हणजे तपासणीतला आक्षेप, माझ्या नावावर निघतो, तू येणार का उत्तर द्यायला? बरोबर आहे त्यांचं. आणि ‘स्थानिकांना द्या’ म्हटलं की काम पुढाऱ्याच्या मेव्हण्याकडे जातं हेपण आपण सगळे बघतोच, उगाच भोळेपणा नको. पण मग शिलाईची मजुरी अमुक रुपयांच्या खाली नाही असं टेंडरमध्येच लिहा आणि त्याच्यावर काय ती स्पर्धा होऊदे. सगळ्यात स्वस्त तोच घ्या ना, पण बाईच्या मजुरीतून स्वस्त नको.

हे काही आभाळातून आणायचं नाहीये. केंद्राच्या खात्यांना आणि कंपन्यांना (आपली कोकण रेल्वेपण त्यात आली) 2012 च्या धोरणाने वर्षाच्या खरेदीतला 25 टक्के माल सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचं टार्गेट आहे, त्यात 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको, बचत गट-महिला मंडळं बघा, असं सुप्रीम कोर्टाने 2004 लाच सांगितलंय. ब्राझीलमध्ये तर 2009 च्या कायद्याने शाळेच्या जेवणाच्या केंद्राच्या पैशातले निदान 30 टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांकडच्या मालावर खर्च करायला लावले. आणि आमच्याकडे कोकमाच्या जिल्ह्यात सरकारी मीटिंगला टेबलावर काय, तर बाटलीतलं कोल्ड्रिंक. असो.

पेमेंटचं तर विचारूच नका. नोंदणी केलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, हा 2006 चा कायदा. पण गटाने नोंदणी केलेली नाही, आणि केली असती तरी पुढचं काम ज्याच्याकडून यायचंय त्याच्यावर तक्रार कोण करणार? काकीच्या गटाचे पैसे मार्चएंडला आले.

डिसेंबर 2024 ला सरकारने निर्णय फिरवला, 2025-26 पासून गणवेश परत शाळा व्यवस्थापन समितीकडे. बरं झालं. पण दोन गणवेशांचे मुलामागे 600 रुपये, त्यात कापड, शिलाई, सगळं. मग समिती काय करते, घाटावरचा रेडिमेडवाला टेम्पो घेऊन येतो त्याच्याकडून गठ्ठा उचलते, आणि तिकडे ते कुणी किती रुपयात शिवलं हे कोण विचारतंय. काकीच्या मशिनीवर सध्या प्लास्टिक टाकून ठेवलंय.

तुमच्यापैकी कोण शाळा समितीवर असेल तर खाली लिहा, यंदा गणवेश कुणाकडून घेतले आणि शिवणाऱ्या बाईच्या हातात एका जोडीचे किती पडले. माहीत नसेल तर विचारून लिहा, मी थांबतो.