खुलासा: एसीएलमध्ये नुसती ‘डिनाय’ची ओळ टाकून भागत नाही

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या नेटवर्कवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘कॅमेऱ्यांचं व्हीलॅन अडवायला एसीएलमध्ये एकच डिनाय टाका, बाकी ट्रॅफिक आपोआप चालू राहतं.’ हे चूक आहे. (एसीएल म्हणजे कोणतं ट्रॅफिक जाऊ द्यायचं आणि कोणतं अडवायचं याची स्विचवरची यादी; ‘डिनाय’ म्हणजे अडवा, ‘परमिट’ म्हणजे जाऊ द्या. व्हीलॅन म्हणजे त्याच नेटवर्कमधला वेगळा केलेला गट.) कृपया चालू शिफ्टमध्ये करून पाहू नका.

सिस्कोच्या स्विचवर प्रत्येक एसीएलच्या शेवटी न दिसणारी डिनाय असते. ‘डिनाय आयपी १९२.१६८.२०.० ०.०.०.२५५ एनी’ (म्हणजे १९२.१६८.२०ने सुरू होणाऱ्या पत्त्यांकडून कुठेही जाणारं अडवा) एवढंच लिहिलंत आणि परमिटची ओळच नसेल, तर त्या इंटरफेसवर (ज्या पोर्टला किंवा व्हीलॅनला यादी लावली तिथे) त्या दिशेचं सगळंच आयपी ट्रॅफिक थांबतं. अंबडच्या एका कारखान्यात मी हेच निस्तरलंय. बिलिंग बंद, प्रिंटर बंद, दुरून स्विचमध्ये शिरायचं एसएसएचही लागेना. शेवटी स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल घेऊन रॅकपाशी बसावं लागलं. डिनायखाली ‘परमिट आयपी एनी एनी’ टाकली तेव्हा कुठे काम सुरू झालं.

ती ओळ खालीच हवी. यादी वरून वाचली जाते, पहिली जुळली की पुढचं बघितलंच जात नाही.

आणि बदलाआधी कॉन्फिग (स्विचची सेटिंग) सेव्ह करून ‘रीलोड इन १०’ द्या, म्हणजे दहा मिनिटांनी रीस्टार्ट. बाहेर अडकलात, तर स्विच रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगवर परत येतो. सगळं जमलं की ‘रीलोड कॅन्सल’ द्यायला मात्र विसरू नका.