बिनशिंगाचा योद्धा

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते; तिच्या रात्री, नाटकाची पहिली घंटा व्हायच्या आधी, आमच्या सेनापतीला भर रंगपटात गादी ठरवण्यात आलं. ठरवणारे गावचे माजी पोलीस पाटील, बाबाजी. त्यांना रंगपटात शिरायला कुणाची परवानगी लागत नाही, कारण मांडव त्यांच्याच धानाच्या बांधीत पडलेला असतो. नाटक एका काल्पनिक राज्याचं होतं. ते नकाशात नाही, पुराणात नाही. लेखकानं राज्याला नावही ठेवलं नव्हतं, संहितेत त्या जागी टिंबं होती. पोशाख माझ्याकडे.

"हे का होय जी?"

"चिलखत होय, बाबाजी."

"कायचं?"

"कापसाचं."

बाबाजींनी काठीचं टोक सेनापतीच्या पोटात खुपसलं. सेनापती हलला नाही, त्याला ते लागलंच नव्हतं. माझ्या बाजूनं यापेक्षा धडधडीत पुरावा कोर्टातही मिळत नाही. पण निकाल उलटा लागला.

"नरम आहे. गादी होय हे. गादी घालून कोन लढते?"

"जुन्या काळी लढत होते."

"कोनत्या राज्यात?"

"हे राज्य खोटंच आहे, बाबाजी. कल्पनेतलं."

"मंग त्या राज्यात असं नोहोतं."

यावर माणसानं काय बोलावं? जे राज्य नाहीच, तिथल्या सैन्याची बाबाजींना खडान् खडा माहिती होती. अंगात लोखंड राहते, खांद्यावर पंख्यांसारखे पत्रे राहतात, टोपाला शिंगं राहतात. टीव्हीवर त्यांनी स्वतः पाहिलं आहे. मग त्यांनी सेनापतीभोवती एक फेरी मारली आणि खाटल्याखाली वाकून पाहिलं, मी तिथं काही लपवलं असावं अशा बेतानं.

"शिंगं कुठं आहेत जी?"

"शिंगं नाहीत."

"काहून?"

"लढाईत शिंगं घात करतात."

"पोळ्याले बिनशिंगाचा बैल कोन पूजते सांगा बरं!"

रंगपट हसला. तोंडाला निम्मा रंग लागलेला राजाही हसला. वर म्हणाला, "बाबाजी बरोबर बोलून राह्यले. शिंगं पाह्यजे होती." या राजाची सुरवार मी त्याच्या पोटाला पुरावी म्हणून दोनदा उसवली होती.

आता कापसाचं सांगतो. रंगपटात कुणी ऐकून घेतलं नाही. आपल्याकडचे जुने लढवय्ये रुईभरल्या, टाके घातलेल्या जाड अंगरख्यात लढत, कधी त्यावर पितळी खिळे ठोकलेले असत. मेक्सिकोतले अझ्टेक लढवय्ये कापूस भरलेले अंगरखे घालत, आणि त्यांना जिंकायला आलेल्या लोखंडी स्पॅनिश शिपायांनी तिथल्या उकाड्यात आपलं लोखंड उतरवून तेच अंगात चढवलं. कड्यांचं लोखंडी चिलखत आठ-दहा किलो भरतं, आणि त्याच्याखालीही जाड रुईचा थर लागतोच. कडी तलवारीची धार अडवते, दणका अडवत नाही. दणका कापूस खातो. कापूस पिकवण्यात जन्म गेलेल्या विदर्भात हे समजावून सांगावं लागतं. आपल्या कापसाला भाव मिळत नाही तो नाही, मानही मिळत नाही.

करायचं कसं? वरून आणि आतून मांजरपाट, मध्ये पिंजलेला कापूस, गुडघ्यापर्यंतच्या अंगरख्याला साधारण सव्वा किलो. कापूस नुसता भरला तर दुसऱ्या अंकापर्यंत सगळा खाली उतरतो आणि सेनापती सातव्या महिन्यातला दिसू लागतो. म्हणून दर दोन इंचांवर उभी शिवण. ती सपाट कापडावर आधी मारायची, मापाला मग कापायचं. आधी कापून मागाहून शिवलं तर प्रत्येक शिवण रुंदी खाते आणि छातीला चार-पाच इंच कमी पडतात. सुई अठरा नंबरची, टाका लांब, मशीनचा दाब सैल. अस्तर वेगळं, बटणांवर निघेल असं, कारण घाम तेच पितं आणि धुवायचंही तेच असतं.

काखेत चार इंच शिवायचंच नाही. बाहीखाली ते दिसत नाही, तिथून वारा लागतो, आणि मुख्य म्हणजे हात वर जातो. साध्या शर्टाच्या बेतावर शिवलेल्या अंगरख्यात तलवार उगारली की अख्खा अंगरखा वर चढतो आणि आतली बनियन राज्याभिषेकाला हजर होते. खालचा घेर पुढून आणि मागून जांघेपर्यंत चिरलेला हवा. नुसत्या बाजूच्या चिरा ठेवल्या तर सिंहासनावर बसताना सगळा घेर मांडीत गोळा होतो आणि राजा परात घेऊन बसल्यासारखा दिसतो. वरून शेला कमरेला करकचून बांधावा. शोभेसाठी नाही, त्यानं खांद्यावरचं निम्मं ओझं कमरेवर येतं. आमचा राजा तो सैल बांधतो, पोट सुटसुटीत राहतं म्हणून, आणि तिसऱ्या अंकात खांदे दुखतात म्हणून माझ्यावर खेकसतो.

बाबाजींच्या खांद्यावरच्या पंख्यांना माझी हरकत नव्हती. पण ते अंगरख्याला शिवायचे नसतात. शिवले की हात वर जाताना पंखा कानशिलात बसतो. चामड्याच्या पट्टीनं गळपट्टीला टांगायचे आणि दंडाला इलॅस्टिक, म्हणजे हात खालून मोकळा फिरतो. थर्माकोलचे करू नयेत. मोटारीवर मारतात तो फवाऱ्याचा चंदेरी रंग थर्माकोलवर पडला की त्यातलं द्रावक थर्माकोल खातं आणि पंख्याची चाळणी होते. घट्ट ईव्हीए फोमची, चपलेच्या तळाला असतो तसल्या, सहा किंवा दहा मिलीमीटरची शीट घ्यावी. हीट गननं गरम केली की वाकते आणि थंड झाल्यावर वाक धरते. रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासा होईतो थांबायचं, मग जोडायचं. रंगाआधी पांढऱ्या गोंदाचे दोन-तीन हात द्यावे, नाहीतर फोम रंग पिऊन टाकतो. पत्रा वापरूच नये. माईकसमोर प्रत्येक वाक्याला भांडी पडतात.

राहिली शिंगं. घाव गोल टोपावरून घसरावा म्हणून टोप गोल असतो. शिंग असलं की तलवार तिथं अडकते आणि टोप तरी जातो, नाहीतर मान तरी पिरगळते. युरोपातल्या ज्या समुद्री लुटारूंच्या डोक्यावर जगभर शिंगं दाखवतात, त्या वायकिंगांच्या लढाईच्या टोपाला शिंगं नव्हतीच. ती पक्की बसली १८७६ साली, जर्मनीतल्या बायरॉइट गावी झालेल्या एका संगीतिकेमुळे. वेशभूषाकार होता कार्ल एमिल डोपलर. म्हणजे एका पोशाखवाल्यानं शिंगं लावली आणि सगळ्या जगानं ती इतिहास म्हणून घेतली. मी लावली नाहीत तर माझी गादी झाली. आपल्या शेजारच्या बस्तरात दंडामी माडिया गव्याच्या शिंगांचा मुकुट घालतात, आणि तो दिसतोही देखणा. पण तो नाचाचा साज आहे, लढाईचा नाही. हेही मी बाबाजींना सांगितलं. ते म्हणाले, "पाहा! म्हंजे शिंगं राह्यतात."

शेवटी खलनायकानं वडसा गावाहून ड्रेपरी, म्हणजे तयार पोशाख, भाड्यानं आणली. थर्माकोलचा टोप, वर हातभर शिंगं. प्रवेश करताना एक शिंग झालरीत अडकलं आणि पडदा घेऊनच तो पुढे आला. त्याला टाळ्या मिळाल्या. वन्समोअर मिळाला. पडदा सोडवून तो पुन्हा आत गेला आणि पुन्हा आला. सेनापती माझ्या अंगरख्यात रात्रभर हात खांद्याच्या वर नेऊन लढला, त्याची बनियन एकदाही दिसली नाही, आणि हे कुणालाच दिसलं नाही. नीट बसलेला कपडा दिसत नाहीच. पत्रकात लेखक, दिग्दर्शक, संगीत, प्रकाशयोजना, मंडप, जनरेटर, चहाचे सौजन्य, आणि मग पोशाख. बिदागीचा क्रमही तोच. जनरेटरवाल्याचे पैसे राहिले तर तो दिवे घालवतो. पोशाखवाल्यानं काय करावं, भर प्रवेशात अंगरखा सोडून घ्यावा?

भाड्याच्या त्या ड्रेपरीची दुसरी तऱ्हा म्हणजे वास. दिवाळीपासून होळीपर्यंत ती या गावाहून त्या गावी फिरते, पाण्याला लागत नाही. कॉलरवर तीन नाटकांचा रंग असतो, तीन छटांचा. बाहेर प्रेक्षक घोंगडीत कुडकुडतात आणि हॅलोजनखाली नट घामानं निथळतो. पहाटे तोच ओला कपडा गाठोड्यात बांधला जातो. बुरशी तिथंच धरते. कपडा उलटा करून दिवसभर उन्हात टाकला तरी पुष्कळ फरक पडतो, पण उन्हाच्या वेळी गाठोडं टेम्पोत असतं आणि पोशाखवाला टेम्पोतल्या गाठोड्यावर झोपलेला असतो.

परदेशातले नाटकवाले यावर स्वस्त व्होडका फवारतात. मद्यार्कानं वासाचे जंतू मरतात आणि तो उडून जातो, कपड्याला मागमूस राहत नाही. उपाय नामी आहे. फक्त आमच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. नाक्यावर पोलिसांनी बाटली धरली तर सांगायचं काय? साहेब, ही मी पीत नाही, सेनापतीच्या काखेत मारतो? मोहाची मिळते म्हणे, चोरून. ती उडून जाईल, पण तिचा वास जाणार नाही, आणि मग पहिल्या रांगेत बसलेले बाबाजी सेनापतीला गादी म्हणणार नाहीत, आणखी काही म्हणतील.