पुलाला नदीपेक्षा रस्त्यानंच जास्त छळलं

जुने पूल वाचवायचे म्हटलं की आपल्याला पूर आठवतो. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या दगडी पुलाची गोष्ट मात्र उलटी आहे.

डॅन्यूब नदीवरचा हा पूल ११३५ ते ११४६ या काळात उभा राहिला. जेरुसलेमसाठीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या धर्मयुद्धाला (क्रुसेडला) निघालेली सरदार मंडळी यावरूनच गेली. प्रागला पुढे जो दगडी पूल झाला, त्याचा नमुनाही हाच. पायासाठी ओकच्या लाकडाचा आधार आणि प्रत्येक खांबाभोवती बेटासारखा चबुतरा. या चबुतऱ्यांनी खांब वाचवले, पण नदीचा गळाही आवळला. पाणी कमानींतून इतक्या जोरात घुसायचं की खाली भोवरे तयार व्हायचे. लोकांनी त्याच जोरावर पाणचक्क्या चालवल्या, हा भाग मला फार आवडतो. (सैतानाशी करार करून पूल बांधल्याची दंतकथाही आहे. ती कुठल्या जुन्या पुलाला नसते म्हणा!)

१७८४ मध्ये बर्फाचा लोंढा आला, एक बुरूज गेला, पूल राहिला. एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच त्याचा काही भाग सुरुंगाने उडवला. तो नीट दुरुस्त व्हायला १९६७ साल उजाडलं.

पण खरा घात चालू होता तो वरून. १९३०च्या दशकापर्यंत शहराला नदी ओलांडायला दुसरा पूलच नव्हता, म्हणून सगळा भार यावर. १९०३ पासून ट्राम, मग मोटारी, बस. त्यात हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ. ते खारं पाणी रस्त्याच्या फटींतून आत झिरपतं, दगडाच्या पोटात मिठाचे स्फटिक होतात आणि दगड आतून सुटायला लागतो. बाहेरून बघणाऱ्याला पूल ठणठणीत दिसतो.

१९९७ मध्ये खाजगी गाड्या बंद केल्या, २००८ मध्ये बसही. बस आदळली तर कठडा टिकणार नाही, हे लक्षात आल्यावर. मग २०१० ते २०१८ अशी आठ वर्षं दुरुस्ती.

बस बंद झाल्यावर पलीकडच्या लोकांना वळसा पडला, तक्रारी झाल्या. त्या खोट्या नव्हत्या. तरी माझ्या मते निर्णय बरोबरच होता, फक्त फार उशिरा झाला. वाहतुकीसाठी नवा पूल कुठे बांधायचा, हे भांडण गाड्या बंद करण्याआधीच मिटवायला हवं होतं. दगडावर रोषणाई करायला सगळेच तयार असतात. जलरोधक थर आणि पाण्याचा निचरा यावर पैसे घाला म्हटलं की कुणाला उत्साह नसतो, कारण त्याचा फोटो निघत नाही.