पेट्या हलवायची काही गरज नव्हती

माझ्या मावसभावाने परवा रात्री मधमाश्यांच्या सगळ्या पेट्या बीटी कपाशीच्या बांधावरून उचलल्या. कारण मोबाइलवर आलेला मेसेज: 'बीटीच्या फुलात विष असतं. जे अळीला मारतं ते मधमाशी, फुलपाखरू, गांडूळ कुणालाच सोडत नाही. माती कायमची मरते. आणि एवढं करून बोंडअळी मरतच नाही.' पेट्या नेल्या कुठे, तर नॉन-बीटी कपाशीपाशी, जिथे त्याच बोंडअळीसाठी पुन्हापुन्हा फवारा मारतात. म्हणून चिडून लिहितेय.

अळीला मारतं ते सगळ्यांना मारतं, हे साफ खोटं आहे. बीटी हा एक जिवाणू; त्याचं अळीनाशक प्रथिन बीटी कपाशी स्वतःच तयार करते. ते प्रथिन अंगाला लागून मारत नाही, पोटात जावं लागतं. अळीच्या आतड्यात अल्कली असते, तिथे ते विरघळतं, कापलं जातं आणि आतड्याच्या अस्तरावरच्या ठरावीक जागी चिकटून भोकं पाडतं. चिकटायला ती जागाच नसेल तर ते नुसतं पचून जातं. अळ्यांवर चालणाऱ्या प्रथिनाला मधमाशीच्या आतड्यात तशी जागा मिळत नाही. हा अंदाज नव्हे. 2008 साली 25 प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले, तेव्हा मधमाशीच्या अळ्यांच्या किंवा प्रौढ माश्यांच्या जगण्यावर दुष्परिणाम आढळला नाही. फवाऱ्यातली बरीच कीटकनाशकं मात्र मज्जातंतूंवर घाव घालतात, आणि मज्जातंतू मधमाशीलाही असतात.

शेतात काय होतं तेही पाहिलं गेलंय. 2007 साली 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात 42 शेतप्रयोगांचा एकत्रित अभ्यास आला, बीटी कपाशी आणि मक्याचा. कीटकनाशक मारलेल्या साध्या पिकापेक्षा बीटीच्या शेतात इतर कीटक एकंदरीत जास्त सापडले. अजिबात न फवारलेल्या साध्या पिकाशी तुलना केली, तर काही गट बीटीत कमी भरले. हेही त्याच अभ्यासात आहे, ते मी लपवणार नाही. पण दादाच्या पेट्या बिनफवाऱ्याच्या शेतात गेल्या नाहीत ना!

फुलपाखरांची भीती 1999 च्या एका प्रयोगातून आली. प्रयोगशाळेत पानांवर बीटी मक्याचा पराग भुरभुरला, ती पानं खाऊन मोनार्क फुलपाखराच्या बऱ्याच अळ्या मेल्या. 2001 मध्ये शेतातला पराग मोजला, तेव्हा धोका नगण्य निघाला. एका वाणाचा पराग खरंच विषारी होता, म्हणून प्रत्येक वाण वेगळा तपासायलाच हवा. मातीचं म्हणाल तर बीटी जिवाणू मुळात मातीतच राहतो.

राहिली बोंडअळी. आधी सगळं मरतं म्हणायचं आणि मग अळीच मरत नाही म्हणायचं! पण इथे थोडं तथ्य आहे. भारतात गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली. न सरावलेल्या अळ्याही टिकाव्यात म्हणून कडेने नॉन-बीटी लावायचं सांगितलं होतं, ते फारसं कुणी लावलं नाही. चीनमध्ये फवारा घटल्यावर पिकाचा रस शोषणारे मिरिड ढेकूण वाढल्याचं 2010 मध्ये नोंदलं गेलं. या खऱ्या अडचणी आहेत, पण त्यांनी मधमाशी मरत नाही.

दादाला सांगितलंय, आज अंधार पडला की पेट्या परत आण. आणि रसशोषक किडींसाठी बीटीवरही फवारतात, तेव्हा तिथला फवारा कधी आहे ते आधी विचारून घे.