रान उक्तं देण्याआधी

मिरी, सारावाक (मलेशिया) : सावंतवाडी-दोडामार्गातली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा, असं मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सांगितलं; या पट्ट्यात झाडतोडीला बंदीही आहे. तेव्हापासून गावाकडचा एक जुना सवाल पुन्हा तापलाय : रान माझ्या सातबाऱ्यावर, मग झाड तोडू नको म्हणणारं सरकार कोण? बोर्निओच्या या किनाऱ्यावरून पाहताना वाटतं, सातबारा आहे म्हणजे रान आपल्या हातात आहे, हेच आपण फार गृहीत धरलंय.

इथे बाराम नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या पेनान लोकांकडे असा कागदच नव्हता. रानातला सागो ताड आणि डुकराची शिकार यांवर त्यांचं पोट. कायद्याने वहिवाट मानली ती मुख्यतः १ जानेवारी १९५८ पूर्वी कसलेल्या जमिनीवर. शिकारीचं रान कसलेलं कसं दाखवणार? लाकूडतोडीचे परवाने कंपन्यांना गेले. १९८७ साली पेनानांनी ओंडके नेणारे रस्ते अडवले आणि त्याच वर्षी रस्ता अडवणं हाच गुन्हा ठरवला गेला.

तोड कागदावर निवडक होती. पण वेली आधी कापून ठेवल्या नाहीत, तर एक मेरांती, म्हणजे इथलं इमारती लाकडाचं उंच झाड, कोसळताना वेलींनी जखडलेली शेजारची झाडंही घेऊन पडते. मग बुलडोझर ओंडका फरफटत नेतो, वाटेतला सागो चिरडतो, उघडी माती पावसाबरोबर ओढ्यात उतरते. पाणी गढूळ, मासा गेला, डुकरं लांब पळाली. आणि विरळ झालेल्या रानात पुढे तेलताडाची लागवड.

आपल्याकडे कागद आहे, पण ठेकेदार बांधावरून नजर फिरवतो आणि सगळं रान उक्तं मागतो. मोजून बघा. छातीच्या उंचीवर घेर १.२ मीटर, सरळ खोड ५ मीटर. व्यापाऱ्याच्या चौथाई घेराच्या हिशेबाने घेराचा चौथा भाग ०.३, त्याचा वर्ग गुणिले लांबी : ०.४५ घनमीटर, म्हणजे जवळपास १६ घनफूट. खोड गोल धरलं तर हेच लाकूड ०.५७ घनमीटर भरतं. मोजतानाच पाचवा हिस्सा सुटतो. उक्त्यात तर मोजमापच होत नाही.

त्याहून मोठं नुकसान तोडीनंतरचं. किंजळ, ऐन बुंध्यातून फुटतात. घाव जमिनीलगत, तिरका आणि पावसाआधी हवा. रबर किंवा काजूसाठी जेसीबीने खुंटच उपटले की फुटायला काही उरत नाही. कोकणात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत कोसळतो. कातळावरची वीतभर माती त्यापुढे किती टिकणार?

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली तोडबंदी मला पटते. पण बाकीच्या कोकणात निर्णय मालकाचाच आहे आणि तिथे नुसता हक्क सांगून भागणार नाही. झाडागणिक घेर लिहून काढावेत, परवानगीच्या अर्जाची प्रत आपल्याकडे ठेवावी, ओंडके ओढून नेण्याची वाट उतारावर सरळ नको, आडवी पाडावी. आणि वहाळाच्या दोन्ही काठांची वीस-वीस पावलांतली झाडं चुन्याने खुणावून सौद्यातून आधीच काढून ठेवावीत.